इंटरकूलर आणि झेंडूचा हार

माझ्या नवऱ्याला टर्बोचं वेड आहे. टर्बो म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा, हे मला लग्नानंतर कळलं. आधी कळलं असतं तर विचार केला असता. कोंबलेली हवा तापते, हवा तापली की गाडी मरगळते, म्हणून ती थंड करायला इंटरकूलर लागतो. गाडीतला मूळचा लहान पडतोय असं त्याने ठरवलं आणि आमच्या कोपरच्या घरात महिनाभर एकच विषय चघळला गेला. नवा घ्यायचा तो हवेवर थंड होणारा की पाण्यावर?

माझे बाबा कोलशेतचे. सगळी हयात खाडीत होडी चालवण्यात गेली. त्यांनी चहा पिता पिता निकाल दिला, "पान्याचाच घे. माझे होरीचं मशीन खारीचे पान्यावरच थंड होते." हे बोलले मात्र माझ्याकडे बघून. जावयाशी ते थेट बोलतच नसत. सगळं "तुझे नवऱ्याला सांग" असंच. गाडीही "तुझे नवऱ्याची गारी". तिच्यात ते कधी बसले नव्हते. रिक्षाने येत, रिक्षाने जात. नवऱ्याला ते फार लागायचं. मला म्हणायचा, "एकदा बसू देत गं त्यांना. मग बघ."

तरीही त्याने बसवला हवेचाच. पाण्याच्याला वेगळा पंप, वेगळा रेडिएटर, वर गळतीची भीती. हवेच्याला काय, समोरून वारा आला की झालं. मी म्हटलं, "अरे, आपल्या रस्त्यांवर वारा येणार कुठून? आपण तर जागेवरच उभे असतो." तो म्हणाला, "तुला नाही कळणार." मला चांगलं कळत होतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी खडवलीला आत्याकडे जायचं ठरलं. बाबा बहिणीसाठी पापलेटं घेऊन आले, थर्माकोलच्या डब्यात, वर भरपूर बर्फ. आणि चक्क पुढच्या सीटवर बसले. नवऱ्याने आरशात बघून केस नीट केले. मागे मी आणि सासूबाई.

गाडीच्या तोंडावर सासूबाईंनी आदल्या दिवशी बांधलेला झेंडूचा हार होता. मनगटाएवढा जाड, आणि नेमका जाळीवर, इंटरकूलरच्या पुढ्यात. सकाळी नवऱ्याने त्याला हळूच हात लावला होता. "पूजेचा हार सुकल्याशिवाय काढायचा नाही," असं ऐकून हात मागे घेतला होता.

कल्याणपर्यंत रांगेत रखडलो. "बाबा, टिटवाळा सोडलं की बघा," नवरा म्हणाला. टिटवाळा सोडलं. त्याने पाय दाबला. गाडी नुसती गुरगुरली, वेग काही घेईना. कोंबड्यांचा टेम्पो आम्हाला मागे टाकून गेला. नवऱ्याचे कान लाल झाले. मला हसूही येत होतं आणि त्याची कीवही येत होती.

त्याने गाडी कडेला घेतली. बाबा उतरले, हाराकडे बघून म्हणाले, "नाक कोंडलाय हिचा."

"हाराला हात लावायचा नाही हं!" सासूबाई आतून.

विहीणबाईंपुढे बाबा काय बोलणार? ते डिकीकडे गेले, डबा काढून आणला आणि ओंजळ-ओंजळ बर्फ हार आणि जाळीच्या मध्ये कोंबायला लागले. नवरा आधी बघत राहिला, मग तोही खाली बसून भरू लागला. हवेवर थंड होणारा आमचा इंटरकूलर पाण्याने निथळत होता, वर मासळीचा वास. सासूबाईंनी नाकाला पदर लावला, पण हार जागेवर होता, त्यामुळे त्यांची तक्रार नव्हती.

त्यानंतर गाडी जी पळाली! कोंबड्यांचा टेम्पो केव्हाच मागे पडला. नवरा सारखा बाबांकडे बघत होता. बाबा खिडकीबाहेर बघत होते.

खडवलीला आत्याने डबा उघडला आणि ओरडली, "दादा, म्हावरं गरम झालंय! बरफ कुठं गेला?"

कोलशेतच्या माणसाने बहिणीकडे बिनबर्फाची मासळी आणावी! नवरा शरमेने दारातच चपला काढत राहिला.

बाबा खुर्चीत टेकले आणि म्हणाले, "आपले गारीला लागला."