हळू हाक रे

आमच्या रिठदच्या घरातून कुणी दमणी जुंपून निघालं, की माय ओट्यावरून ओरडायची, "हळू हाक रे!" जोरात गेलं की बैल बिथरतात, चाक निखळतं, माणूस जातो. हळू गेलेला सुखरूप घरी येतो. एवढंच आमचं ज्ञान! लढाईच्या दिवसांत माझा धाकटा भाऊ विमान चालवायला शिकला, तरी मायचा निरोप काही बदलला नाही.

तिला लिहिता येत नव्हतं, पत्रं मीच लिहायची. दर पत्राच्या शेवटी ती म्हणायची, "लिही त्याले, हळू हाक म्हना."

"काहून वं माय? त्याले काय बैल जुंपले हायेत?"

"मुकाट्यानं लिही. दीडशहानी कुठली!"

मी हसायची आणि लिहायची.

पौषात त्याचं पत्र आलं. पुढच्या रविवारी सकाळी अकोल्याला विमान न्यायचंय, वाट वाकडी करून गावावरून जाईन, म्हणे. माय नुसती हरखली. उत्तरात तिनं नेहमीचं सांगितलंच. आणि मी, मेली शहाणी, तिला न विचारता खाली एक ओळ घातली : 'भुर्रकन जाऊ नकोस. खाली ये, अगदी हळू ये. मायला तुझं तोंड दिसलं पाहिजे.'

रविवारी अख्खं गाव आमच्या खळ्यावर जमलं. तो आला. पहिली फेरी उंचावरून झाली. माय डोळ्यांवर हात धरून म्हणाली, "मले तं कायीच दिसून नाई राह्यलं." दुसऱ्या फेरीला तो बाभळींच्या शेंड्यांवर आला. इंजिनाचा आवाज एकदम उतरला. त्यानं बाहेर वाकून हात केला.

"दिसला! हासून राह्यला पोरगा!" माय टाळ्या पिटायला लागली.

विमानानं नाक वर केलं, जरासं अडखळलं, एक पंख खाली गेला आणि ते तुरीच्या वावरात कोसळलं. सगळे धावले. माय सगळ्यांच्या पुढे, अनवाणी. तो पट्ट्यात बांधलेलाच होता. तोंडावर साधा ओरखडा नव्हता. माय पदरानं ते तोंड पुसत राहिली, पुसतच राहिली. अंगात जीव नव्हता.

चार दिवसांनी विमानदलाचा एक साहेब आला. भावाचं घड्याळ आणि त्याच्या खिशातलं माझं पत्र माझ्या हातात देऊन हिंदीत सांगू लागला. विमान वेगावरच तरंगतं, बहनजी. वेग फार कमी झाला की पंख त्याला पेलत नाहीत. उंचावर असता तर सावरला असता. हुशार पोरगा, इतका हळू का आला, काही समजत नाही.

मला समजलं होतं. विमानाचं ज्याला कळतं त्याला एक शब्द न विचारता मी ती ओळ लिहिली होती, आणि भाऊ माझा शब्द कधी मोडत नसे.

आतून मायचा आवाज आला, "काय म्हनते वं तो? काहून पडला माहा लेक?"

मी पत्र चोळीत खुपसलं. "मशीन बिघडली म्हने, माय."

त्यानंतर माय अठरा वर्षं जगली. पाखडताना, दळताना, जेवता जेवता ती त्या मशीनला शिव्या द्यायची. "मुडदा बशिवला तिचा!" म्हणायची आणि माझ्याकडे बघायची. मग मीही तिच्या जोडीनं शिव्या द्यायची.