बियाण्याचं वांगं

"हात काढ!"

परतवाड्याच्या आमच्या शाळेत मावशीचा हा ओरडा प्रत्येकाने खाल्लेला आहे. पोरांनी, शिपायाने, मी विज्ञानाचा मास्तर असून मीही. मावशी फाटकाशी भाजी विकायची. शाळेत परसबाग करायचं ठरलं, तेव्हा शिकवायला तिलाच आत बोलावलं. माझ्याकडे बी.एस्सी.ची पदवी, तिच्याकडे खुरपं. पोरं कोणाचं ऐकत असतील, तुम्हीच सांगा.

सुरुवातीला सातवीची पोरं रोज माती उकरून बी उगवलं का ते बघायची. मावशी ओरडायची, "काहून उकरून राह्यला बे? तुह्या मायनं तुले रोज पोटातून काढून पाह्यलं व्हतं काय?" वर्ग खिदळायचा, हेडमास्तर खिडकी लावून घ्यायचे. बी मात्र उगवायचं.

मग तपासणी लागली. साहेब खूश झाले नाहीत तर बाग काढून तिथे स्कूटर स्टँड करू, असं हेडमास्तरांनी जाहीर केलं. नेमकी आदल्याच दिवशी पोरांनी सगळी वांगी तोडून भाजी करून खाल्ली होती. उरलं होतं एकच, पिवळं पडलेलं. ते मावशीने बियाण्यासाठी राखलेलं. मला अवदसा आठवली. बाजारातून किलोभर वांगी आणून मी हिरव्या दोऱ्याने झाडांना बांधली. मावशीने ते पाहिलं.

साहेब आले. त्यांना खटकलं ते पिवळंच. "हे सडकं कशाला ठेवलंय?" म्हणत त्यांनी हात घातला.

"हात काढा!" मावशी कडाडली. 'काढ'चं 'काढा' केलं, एवढाच काय तो साहेबांचा मान. "बियाले ठेवलं हाय ते. तोडाचंच असन तं ते बाजूचं तोडा. मास्तरनं बांधेल हाय."

साहेबांनी ते तोडलं. सोबत दोराही आला.

महिन्याभरात स्टँड झाला. माझ्या दोऱ्यामुळे बाग गेली, याची मला आजही लाज वाटते. गाडी मी तिथेच लावतो.

मावशीने ते वांगं फोडलं, बी धुवून वाळवलं आणि सातवीतल्या प्रत्येकाला पुडी दिली. मलाही दिली. "घ्या मास्तर. आता दोऱ्याबिगर लावा."

गेल्या उन्हाळ्यात मावशी वारली. फाटकाशी तिची जागा अजून कोणी घेतलेली नाही. मला तिची फार आठवण येते.

माझ्या गच्चीवर रंगाच्या डब्यात तिचं झाड आहे. परवा बायको म्हणाली, "अहो, हे वांगं पिवळं पडलं, फेकते," आणि तिने हात घातला.

"हात काढ!" मी ओरडलो.

बायको दोन दिवस बोलली नाही. वांगं झाडावरच आहे.