जाऊबाई खाडीवर झोपल्या

सासूबाईंचं तेरावं होऊन तीन-चार आठवडे झाले असतील. एका रविवारी सकाळी मुलगी म्हणाली, "आई, आज दुपारी तुमची बोट आहे. लक्षात आहे ना?"

माझ्या अजिबात लक्षात नव्हतं. ऐरोलीच्या खाडीत बोटीतून फ्लेमिंगो दाखवायला नेतात, त्याची दोन तिकिटं तिनं माझ्यासाठी आणि तिच्या बाबांसाठी काढून ठेवली होती. आम्ही दोघांनी एकदा घराबाहेर पडावं, एवढंच तिच्या मनात होतं. पण तळोज्याच्या कारखान्यात कुणीतरी अचानक रजेवर गेलं आणि नवऱ्याला डबल शिफ्ट लागली. मी म्हटलं, मग राहू दे, नंतर कधीतरी जाऊ. मुलगी म्हणाली, "नंतर म्हणजे तू कधीच जाणार नाहीस. काकीला घेऊन जा."

काकी म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. आमचं घर तळवलीत. सासऱ्यांच्या वेळच्या बैठ्या घराच्या जागी आता बिल्डिंग आहे. पहिल्या मजल्यावर मोठे दीर, दुसऱ्यावर आम्ही, वर भाडेकरू. तळमजल्याची खोली सासूबाईंची होती. त्यांना लकवा झाला आणि पुढची चार वर्षं त्या तिथेच पडून राहिल्या. मी महाप्याला एका कंपनीत नोकरी करते, त्यामुळे दिवस जाऊबाईंकडे आणि रात्र माझ्याकडे, अशी वाटणी आपोआप होऊन गेली. सकाळी मी खोलीतून निघायचे आणि त्या आत यायच्या. दारात दोन मिनिटं बोलणं व्हायचं. औषध दिलं, पोट साफ झालं, पाठीवरची जखम आज जरा सुकलीय. संध्याकाळी तेच बोलणं उलट बाजूनं. चार वर्षांत आम्ही दोघी रोज दोनदा भेटलो आणि याखेरीज काही बोललो असू असं मला आठवत नाही.

सासूबाई गेल्या. भाड्यानं आणलेला पलंग परत गेला, खोली धुऊन झाली, आणि आम्हा दोघींना भेटायचं कारणच उरलं नाही. मला वाटलं होतं, आता शरीर हलकं होईल. झालं उलटंच. ऑफिसात खुर्चीवरून उठताना टेबलाला धरावं लागायचं. जिना चढताना मध्येच थांबून मी आपण वर चाललोय की खाली, याचा विचार करायचे. सासूबाई होत्या तोवर हा थकवा कुठे दडून बसला होता कोण जाणे.

मी पहिल्या मजल्यावर गेले तेव्हा जाऊबाई जमिनीवर बसून सुकट निवडत होत्या. मी बोटीचं सांगितलं.

"मना काय करायचाय पक्षी बघून?" त्या म्हणाल्या. त्या उरणकडच्या, आमच्या सासरसारख्याच आगरी घरातल्या. मी कराडची. मला त्यांची बोली आता पूर्ण कळते, बोलता मात्र येत नाही. मग सुकटीचं ताट बाजूला सारून म्हणाल्या, "बोटीन बसाला मिलंल ना? मंग चल. घरान तरी काय हाय."

रिक्षानं आम्ही ऐरोलीला पोचलो. ऊन चांगलंच चढलं होतं. तिकीट बघणारी मुलगी म्हणाली, "भरती अजून नीट आली नाहीये. पाणी चढल्याशिवाय बोट निघत नाही. तोवर तुम्ही आत फिरून या, आम्ही माइकवरून सांगतो."

तिवरांच्या मधून लाकडी फळ्यांची एक वाट काढली आहे. दोन्ही बाजूंना चिखल, त्यातून वर आलेली मुळं, आणि चिखलाचा तो जरा आंबूस वास. मोठे कॅमेरे गळ्यात अडकवलेली काही माणसं होती, लहान मुलांना घेऊन आलेले आईबाप होते. एक छोटी मुलगी कठड्यावरून वाकून, एक नांगी लाल आणि मोठी असलेले इवलाले खेकडे बघत होती. त्यांच्याच बाजूला चिखलावर निवट्या उड्या मारत होत्या. मासा असून पाण्याबाहेर सरपटतात, त्या. मुलीच्या वडिलांनी त्यांचा व्हिडिओ काढायला घेतला.

जाऊबाई माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "यांना बघाला तिकीट काडतान? आमी कालवन करायचो यांचा."

मला हसू आलं. त्याही हसल्या. पण पुढे वीस पावलं गेलो नाही तोच त्यांचा गुडघा दुखायला लागला. कठडा धरत धरत आम्ही वाटेच्या टोकाला पोचलो. तिथे वर छप्पर घातलेला एक ओटा होता आणि त्यावर बाक. समोर सगळी खाडी उघडी. पलीकडे मुंबईच्या इमारती धुरकट दिसत होत्या. ओहोटीनं उघड्या पडलेल्या चिखलावर लांब कुठेतरी एक फिकट गुलाबी पट्टा होता.

"तेच फ्लेमिंगो," मी म्हटलं.

त्यांनी डोळे बारीक करून बघितलं. "ते व्हय? मना वाटला पिशव्या अडकल्यान."

आम्ही बसलो. खाडीवरून वारा येत होता. जवळच्या खुंटावर एक खंड्या बसला होता, तो उडाला, परत येऊन बसला. मी काहीतरी बोलायला जाऊबाईंकडे वळले, तर त्यांची मान खाली गेली होती. मग डोकं हळूच माझ्या खांद्यावर आलं. मी पर्समधली ओढणी काढून घडी केली आणि खांद्यावर त्यांच्या गालाखाली सरकवली. त्यांना कळलंही नाही.

मी जाऊबाईंना कधी झोपलेलं पाहिलं नव्हतं. झोपेत त्यांचा चेहरा सैल पडला होता, तोंड किंचित उघडं होतं. कपाळावरच्या केसांच्या मुळाशी पांढरा पट्टा आला होता, पूर्वी त्या नेमानं काळे करायच्या. हाताची बोटं मात्र मुठीत आवळलेली होती, चादरीचं टोक धरल्यासारखी.

माइकवर बोटीची घोषणा झाली. लोक लगबगीनं परत निघाले. एक गृहस्थ आमच्याजवळ थांबले. "मॅडम, बोट लागली. यायचं नाही का तुम्हाला?"

मी जाऊबाईंकडे बघितलं. मुलीनं हौसेनं तिकिटं काढलेली. जाऊबाईंना पक्ष्यांचं काही नसलं तरी बोटीत बसायचं होतं. खांद्याला एक हलका धक्का पुरला असता.

"नाही," मी हळू आवाजात म्हटलं. "तुम्ही व्हा पुढे."

पुन्हा एकदा घोषणा झाली, मग इंजिनाचा आवाज आला, आणि बोट वळणाआड गेली. ओटा रिकामा झाला. माझा खांदा अवघडला होता, पण हलायची सोय नव्हती.

तेव्हाच समोरच्या तिवरांखालून एक कोल्हा बाहेर आला. आधी मला कुत्रा वाटला. पण शेपूट झुपकेदार होतं, तोंड निमुळतं, आणि चालणं कुत्र्यासारखं नव्हतं. अंग वाळलेलं, फासळ्या दिसत होत्या. चिखलात नाक खुपसत, पाय जपून उचलत तो चालला होता. मधेच त्यानं मान वर केली, आमच्याकडे बघितलं, आणि काहीच विशेष नसल्यासारखा पुन्हा चिखल हुंगायला लागला. भरतीचं पाणी त्याच्या पायांपर्यंत आलं तसा तो वळला आणि झाडीत गेला.

सासूबाई मला रात्री कधीकधी हात हलवून उठवायच्या. जीभ जड झाली होती, शब्द नीट फुटायचे नाहीत. "कोल्ही वरडतान," असं काहीसं म्हणायच्या. मी म्हणायचे, आई, कुत्री आहेत रस्त्यावरची, झोपा. मला वाटायचं, त्यांना जुनं गाव दिसतंय. आता त्या चिखलातल्या ठशांकडे बघताना वाटलं, त्यांना खरंच ऐकू येत असणार. आमच्या घरापासून खाडी काही लांब नाही.

जाऊबाई एकदम दचकून उठल्या. "आयेची कूस! कूस बदलाची ऱ्हायली!" आणि उभ्याच राहिल्या. गुडघ्यानं दगा दिला. मी कमरेला धरून त्यांना परत बाकावर बसवलं.

"ताई," मी म्हटलं, "आई गेल्या."

"ठाव हाय." त्या जोरजोरात श्वास घेत होत्या. पदरानं तोंड पुसलं, खाडीकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, "रोज दुपारी असाच व्हते. जरा डोला लागला का उठून बसतय. जिना उतरून खाली जातय. कुलूप दिसला का मंग आठवते."

"मी रात्री जाते," मी म्हटलं.

त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. "तू पन?"

"रात्री दोनदा तरी. हे झोपलेले असतात, त्यांना माहीत नाही."

"मना वाटला मीच येडी झाले," त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळानं, "मना वाटायचा, ती गेली का मी पाय तानून निजेन. आता निजच नाय."

"मलाही तसंच वाटायचं."

पाणी चढत ओट्याच्या खांबांपर्यंत आलं होतं.

"बोट?" त्यांना आठवलं.

"गेली."

"मना उठवायचा ना गो!"

"नाही उठवलं."

त्या रागावतील असं वाटलं होतं. पण त्यांनी बाकाच्या टोकाला सरकून साडी सारखी केली आणि मांडीवर थोपटलं. "ये. आता तू आडवी हो. मी बसलेय."

मी पंचेचाळिशी ओलांडलेली बाई, चारचौघांच्या जागी कुणाच्या मांडीवर डोकं ठेवून झोपायची मला लाज वाटली. पण नको म्हणायचंही त्राण नव्हतं. मी आडवी झाले. त्यांच्या साडीला सुकटीचा वास येत होता. परत आलेल्या बोटीचा आवाज कानावर पडला, मुलं काहीतरी ओरडून सांगत होती, कुणीतरी "हजारो होते, हजारो" म्हणत होतं. त्यापुढचं मला आठवत नाही.

"ताई, उठा. गेट बंद व्हायची वेळ झाली." वॉचमन उभा होता. जाऊबाईंनी त्याला आधी सांगितलं होतं, "दोन मिन्टा थांब ना रे भाऊ, बाय माजी निजलेय." तो बिचारा थांबला होता म्हणे बराच वेळ.

आम्ही फळ्यांवरून परत निघालो तेव्हा डोक्यावरून फ्लेमिंगोंचा एक लहानसा थवा गेला. भरतीनं चिखल बुडाला की ते जागा बदलतात. खालून त्यांच्या पंखांचा काळा-गुलाबी रंग स्पष्ट दिसला. जाऊबाई मान वर करून बघत राहिल्या. "पाय बघ केवरं लांब," म्हणाल्या. तेवढंच आमचं पक्षिदर्शन.

त्या एका झोपेनं काही थकवा गेला नाही. पुढे कितीतरी दिवस मी रात्री उठत होते, पण जिना उतरायचं हळूहळू बंद झालं. सासूबाईंची खोली एका नव्या जोडप्याला भाड्यानं दिली. तिच्या खिडकीत आता त्यांचे कपडे वाळतात. जाऊबाईंनी एक दिवस दिरांना सांगून टाकलं की मी महिनाभर माहेरी जातेय, तुमचं तुम्ही बघा. दीर इतके चकित झाले की नाही म्हणायचं विसरले.

त्या उरणला गेल्यावर मी एका दुपारी ऑफिसातून फोन केला. बऱ्याच वेळानं उचलला. आवाज जड होता.

"काय करताय, ताई?"

"निजले व्हते."

"बरं. झोपा," मी म्हटलं, आणि फोन ठेवून दिला.