हेमांगीचं वाण

माझ्या नणंदेबद्दल मी चांगलं लिहितेय हे कळलं तर आमच्या ओळखीतले निम्मे लोक हसतील. हेमांगी आणि मी एका घरात राहून म्हाताऱ्या होत आलो, तरी आमचं कधी फारसं जमलं नाही. ती हट्टी, घुमी, आणि गॅसवर ठेवलेलं दूध हमखास उतू घालवणारी. पण उल्हास कारखानीसचं तिनं जे केलं, त्यासाठी मी तिला सगळं माफ केलंय. ती स्वतः कुणाला काही सांगणार नाही आणि उल्हास सांगेल ते खोटं असेल, म्हणून मी सांगते.

हेमांगी एका सरकारी खात्यात नकाशे काढायची. लग्न केलं नाही. करोलबागेतल्या आमच्या घराची मागची खोली तिची. पहिला पगार साठवून तिनं जुना कॅमेरा घेतला आणि तेव्हापासून तिचा रविवार आमचा राहिला नाही. पहाटे उठून धौला कुआँला जायचं, तिथून गुडगावची बस, पुढे जीपमध्ये खेड्यातल्या बायकांच्या मांडीला मांडी लावून धनवासपर्यंत. गुडगाव तेव्हा नुसतंच गुडगाव होतं. धनवासला एक मोठं तळं होतं आणि तळ्याच्या पलीकडच्या काठावर कुण्या नवाबाची पडकी शिकारकोठी. घुमट शाबूत, भिंती उघड्या.

तिची फोटो काढायची तऱ्हाही विचित्र. अलीकडच्या घाटावर एक फुटकी पायरी होती. तिथंच ट्रायपॉड लावायचा, कोठी चौकटीच्या डाव्या कोपऱ्यात घ्यायची आणि वाट पाहायची. वर्षानुवर्षं तीच पायरी, तीच चौकट. थंडीत डोक्यावर काळे पट्टे असलेले हंस हिमालय ओलांडून यायचे आणि सगळं पाणी राखाडी होऊन जायचं. माघात काठ मोहरीनं पिवळा. मे महिन्यात लूचे गरम वारे सुटले की पाणी आत आत सरकायचं आणि भेगाळलेल्या चिखलात सारसांची जोडी संथपणे हिंडायची. भाद्रपदात पाणी पुन्हा कोठीच्या जोत्याला लागायचं. आणि या फोटोंत माणूस कधी नाही. म्हशी घेऊन पोरं आली, बायका कपडे धुवायला आल्या, तर त्या जाईपर्यंत ही बसून राहणार. मी एकदा चिडून म्हटलं होतं, की बाई, एकच फोटो किती वेळा काढशील? तिनं माझ्याकडे अशी नजर टाकली की मी परत विचारलं नाही.

उल्हास तिचा पहाडगंजच्या मराठी शाळेतला वर्गमित्र. गोड बोलणारा, कुणाच्याही घरात शिरून थेट ओट्यापर्यंत पोचणारा. माझ्या हातची साबुदाण्याची खिचडी त्यानं किती खाल्ली असेल ते आठवलं तरी माझा संताप होतो. नव्वदनंतर दिवस पालटले, परदेशी कंपन्या आल्या, गुडगावला शेतांमधून रस्ते आखले जाऊ लागले. उल्हासनं आपली जुनी नोकरी सोडली आणि एका बिल्डरकडे मोठ्या हुद्द्यावर लागला. शहाण्णव साली तो आला आणि आपल्या महाराष्ट्र मंडळाच्या कॅलेंडरसाठी म्हणून हेमांगीकडून तळ्याचे बारा महिन्यांचे फोटो घेऊन गेला. तिनं निगेटिव्हसुद्धा दिल्या. शाळेतला मित्र, मंडळाचं काम, विचारायचं काय?

कॅलेंडर निघालंच नाही. निघालं ते बिल्डरचं माहितीपत्रक. गुळगुळीत कागद, पानापानावर हेमांगीचं तळं, आणि प्रत्येक फोटोखाली तिचं नाव. धनवासच्या तळ्याकाठी बहुमजली सोसायटी उभी राहणार होती आणि प्रत्येक बाल्कनीतून हंस दिसणार होते. हेमांगी भडकली, तेव्हा उल्हास हसत म्हणाला की अगं, तुझं नाव तर छापलंय ना, आणखी काय पाहिजे.

आमच्या मंडळातल्या कितीतरी जणांनी तिथं घरं घेतली. साध्या पगारदार लोकांनी. घेण्याआधी बरेच जण हेमांगीला विचारून गेले, खरंच एवढं पाणी असतं का, हे पक्षी खरंच येतात का. ती म्हणायची, हो, येतात. तिनं खोटं काहीच सांगितलं नव्हतं.

लोक राहायला गेले. पहिल्या हिवाळ्यात हंस दिसलेही. मग दोन हजार सालच्या उन्हाळ्यात पाण्याच्या बाजूला उंच पत्रे ठोकले गेले, धूळ नको म्हणून बाल्कन्यांवरही ताडपत्री चढली, आणि श्रावणात ते सगळं काढलं तेव्हा तिथं सपाट जमीन होती. दुसरा टप्पा उभा राहणार होता. रहिवाशांनी विचारलं तर उल्हासनं हळहळत सांगितलं की पाऊस कमी झाला, गाववाल्यांनी बोअर मारून पाणी उपसलं, तळं आपोआप आटलं. कंपनीनं फक्त कोरडी जमीन सारखी केली. वर पुस्ती जोडली, की हेमांगीला विचारा, ती दर महिन्याला जायची, तिला सगळं आधीपासून माहीत होतं. कंपनीनं तिला फोटोंबद्दल खूश केलं होतं, असंही त्यानंच हळूच सोडून दिलं.

त्या वर्षीच्या गणपतीत मंडळाच्या हॉलमध्ये निवृत्त हेडमास्तर गुणवंत देवस्थळी सगळ्यांसमोर हेमांगीला म्हणाले, "तुमच्या फोटोंवर विश्वास ठेवून आम्ही आयुष्याची कमाई घातली. तुम्हाला झोप कशी लागते?" आणि आरतीचं तबक तिच्यापुढून तसंच पुढे नेलं. बाकीचे खाली बघत टाळ्या वाजवत राहिले. मी तिथं होते. आजही त्या चेहऱ्यांतला एकेक चेहरा मला लख्ख आठवतो आणि एकाचीही मला दया येत नाही.

घरी आल्यावर हेमांगीनं कपाटातून एक फोटो काढून माझ्यासमोर ठेवला. त्याच मे महिन्यातला. ती नेहमीसारखी गेली होती, घाटाच्या बाजूला पत्रे नव्हते. तीच फुटकी पायरी, डाव्या कोपऱ्यात तीच कोठी, आणि मध्ये पाणी. भरपूर पाणी, मे असूनही. त्या पाण्यात मलबा ओतणारे डंपर रांगेनं उभे. आणि सगळ्यात पुढे डोक्यावर पिवळं हेल्मेट घातलेला उल्हास, तोंडभर हसत कॅमेऱ्याकडे बघून हात हलवणारा.

"त्यानं तुला काढू दिला?" मी विचारलं.

"तो म्हणाला, तू थोडीच माणसं काढतेस, मी बाजूला होईपर्यंत बसशील," हेमांगी म्हणाली. "मी बसले नाही."

मी तेव्हाच्या तेव्हा तो फोटो घेऊन मंडळात जायला निघाले होते. माझ्या नवऱ्यानं, राजीवनं, वकिलाचं नाव काढलं. हेमांगीनं दोघांनाही गप्प केलं. कोर्टात गेलं तर बिल्डरचे वकील वर्षानुवर्षं तारखा घेतील. मंडळात दाखवला तर उल्हास हसत हसत चार गोष्टी सांगेल आणि लोक पुन्हा त्याच्या बाजूला जातील. तो बोलायला उभा राहायच्या आत फोटो घराघरात पोचला पाहिजे, असं तिचं म्हणणं. आणि तो त्याच्याच घरातून गेला पाहिजे. हे म्हणताना तिचा आवाज इतका शांत होता की मला पहिल्यांदाच माझी नणंद आवडली.

डिसेंबरात साधनाचा फोन आला. साधना म्हणजे उल्हासची बायको. गरीब स्वभावाची, नवऱ्याच्या मोठ्या आवाजाखाली दबलेली. लाजपतनगरचं चांगलं जमलेलं घर विकून उल्हासनं तिलाही त्याच सोसायटीत सहाव्या मजल्यावर नेलं होतं. तिला संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून काहीतरी वेगळं द्यायचं होतं. स्टीलच्या वाट्या आणि प्लास्टिकचे डबे देऊन ती कंटाळली होती. हेमांगीच्या तळ्याचे छोटे फोटो मिळतील का, असं तिनं चाचरत विचारलं. लोकांना तेवढीच आठवण.

हेमांगी लगेच हो म्हणाली. तिनं दुमडणारी कार्डं केली. बाहेरच्या बाजूला हंसांनी भरलेलं तळं. आत डंपर आणि उल्हास. खाली तारीख आणि जागा. सगळी कार्डं पाकिटांत घालून, पाकिटं चिकटवून तिनं साधनाला नेऊन दिली आणि बजावलं, की उघडू नकोस, फोटोला बोटं लागतात. त्या दिवशी मीही बरोबर होते; परत येताना मात्र ती बसमध्ये उदास होती. उल्हासला बुडवायला तिला काहीच वाटत नव्हतं, पण साधनाच्या हातून तिच्याच नवऱ्याचा गळा कापायचा हे तिला टोचत होतं. मी म्हटलं, टोचू दे, पण आता माघार घेऊ नकोस.

हळदीकुंकवाला मी आणि हेमांगी दोघी गेलो. साधनानं काळी चंद्रकळा नेसली होती. दारात गुलाबपाणी, हातावर अत्तर, तिळगूळ, आणि मग खणाच्या तुकड्यावर ठेवलेलं ते पाकीट. देवस्थळींची सून आली, मंडळातल्या सगळ्या आल्या, शेजारच्या पंजाबी आणि बंगाली बायकासुद्धा हौसेनं नटून आल्या. बहुतेकींनी पाकीट पर्समध्ये टाकलं. समोरच्या फ्लॅटमधल्या मिसेस भाटियांनी मात्र तिथंच उघडलं.

"भाभीजी, ये तो अपने भाईसाब हैं ना?" त्या म्हणाल्या. "और ये पानी? आपने तो कहा था सूख गया था."

मग पर्स उघडल्याचे आवाज. एकापाठोपाठ एक पाकिटं फाटली. देवस्थळींची सून फोटोकडे बघत होती, मग हेमांगीकडे बघू लागली आणि तिची मान आपोआप खाली गेली. साधना दारात नवीन आलेल्या बाईला कुंकू लावत होती. तिनं तिच्याही हातावर पाकीट ठेवलं. मला वाटलं, हिच्या अजून लक्षात आलेलं नाही. उल्हास ऑफिसमधून आला तेव्हा बायका निघतच होत्या. तो नेहमीप्रमाणे ऐसपैस हसून एकेकीला या, बसा, एवढ्यात चाललात का म्हणत होता. एकेक जण त्याला वळसा घालून लिफ्टकडे गेली.

दिलेलं वाण कुणी परत मागत नाही. मागायचं म्हटलं तरी कुणाकुणाकडे जाणार होता तो? दुसऱ्या दिवशी सोसायटीतले पुरुष ते कार्ड घेऊन त्याच्या दाराशी उभे होते. रविवारी ते एका हिंदी वर्तमानपत्रात आलं. आणि मग बिल्डरनं जे केलं त्यानं माझ्या जिवाला खरा थंडावा मिळाला. कंपनीनं जाहीर केलं की तळ्यात भराव टाकायचा निर्णय श्री. कारखानीस यांनी परस्पर घेतला होता, कंपनीला त्याची कल्पना नव्हती. उल्हासनं ज्यांच्यासाठी आम्हाला विकलं, त्यांनी त्याला आठवडाभरात विकून टाकलं.

तो आमच्याकडे आला. त्या दिवशी मी त्याला पाणीही विचारलं नाही. हेमांगीसमोर बसून तो म्हणाला की तू फक्त एवढंच सांग, तो फोटो दुसऱ्या कुठल्यातरी जागेचा आहे. तू सांगितलंस तर लोक मानतील.

"का मानतील?" हेमांगीनं विचारलं.

"कारण तू फोटोबाबत कधी खोटं बोलत नाहीस. सगळ्यांना माहीत आहे."

"तेच तू विकलं होतंस, उल्हास. आता माझ्याकडे मागतोयस."

तो उठून गेला. देवस्थळी गुरुजी माफी मागायला काठी टेकत आले, तेव्हा हेमांगी आतल्या खोलीत होती. ती बाहेर आली नाही. मी त्यांना चहा दिला आणि वाटेला लावलं. लोकांनी चूक कबूल केली म्हणून ती विसरायची, असा आमच्या घरात नियम नाही. तळं तर गेलंच. सारस कुठं गेले ते कुणालाच ठाऊक नाही.

रथसप्तमी झाल्यावर साधना एकटीच आली. हेमांगीचा चेहरा उतरला. तिनं साधनाचा हात धरला आणि म्हणाली की मी तुला फसवलं, तुला आधी सांगायला हवं होतं, पण सांगितलं असतं तर तू वाटली नसतीस.

"मी आदल्या दिवशीच एक उघडलं होतं," साधना म्हणाली.

मीच विचारलं, मग वाटलीस कशी?

"त्यानं मलासुद्धा तळं आटलं म्हणूनच सांगितलं होतं. माझं घर विकायला लावताना तेच हंस दाखवले होते. मी पदराला हात पुसले आणि बाकीची पाकिटं तशीच तबकात लावली." मग ती पुढे वाकली. "हेमांगी, मला एक मोठा करून दे. जेवायच्या टेबलासमोर लावायचाय."

हेमांगीनं विचारलं, हंसांचा का?

"नाही. त्याचा."

तो फ्लॅट आता कुणी विकत घेत नाही, त्यामुळे उल्हासला तिथंच राहावं लागतं. हेमांगीनं फोटो भिंतभर मोठा केला, चांगली सागवानी चौकट करून घेतली आणि भिंतीत खिळा ठोकायला स्वतः गेली.