आवाज आला पाहिजे

मुकुंदवाडी स्टेशनामागच्या एका पत्र्याच्या खोलीत आमची इंग्रजीची शिकवणी भरायची. सर मोठे सभ्य गृहस्थ. इतके सभ्य, की परक्या मुलीच्या अंगाला हात लावायचा नाही म्हणून ते आम्हाला कधी मारत नसत. आम्हा मुलींना ते एकमेकींकडून मार देववत.

पद्धत सोपी होती. सर फळ्यावर दोन-तीन अक्षरं लिहायचे आणि सांगायचे, "पाच अक्षरी शब्द. जी आणि एच आलेच पाहिजेत." जिला आधी सापडेल तिनं स्पेलिंगसकट ओरडायचं. एकदा मी ओरडले, "लाइट!" मग उठायचं आणि गप्प बसलेल्या सगळ्या पोरींच्या एकेक थोबाडीत द्यायची. डोकं चालावं म्हणून ही युक्ती आहे, असं सर आमच्या आईबापांना सांगत आणि आईबापांना ते पटत असे.

माझं डोकं चालायचं. मी नववीत, आणि माझ्याच शेजारी दहावी पुन्हा देणारी माझी ताई. इंग्रजीत नापास झालेली. आमचे वडील अण्णा फुलंब्रीची शेती भावांवर सोपवून चिकलठाण्याच्या कारखान्यात लागलेले. ते एवढंच म्हणाले होते, "या खेपेला बस. पुन्हा उडालीस तर पाहुणे तयारच हायत." फुलंब्रीचे पाहुणे तिला बघूनही गेले होते. तिला नर्स व्हायचं होतं. त्यासाठी दहावी हवी, आणि दहावीच्या वाटेत इंग्रजी आडवं पडलेलं.

पहिल्यांदा तिच्यावर हात उचलायची वेळ आली तेव्हा मी गालाला नुसती बोटं टेकवली. सर म्हणाले, "पुन्हा. आवाज आला पाहिजे." दुसऱ्या वेळी आवाज आला. घरी येताना आम्ही रूळ ओलांडले. मग ताई म्हणाली, "हळू मारत नको जाऊ गं. दोनदा खावी लागते."

त्या दिवसापासून मी एकदाच आणि सणसणीत मारायला लागले. तिच्या डाव्या गालावर माझी बोटं उमटायची आणि ती ओढणीनं गाल झाकून घरी यायची. आई विचारायची नाही. शिकायचं म्हणजे मार आलाच, असं आमच्याकडं सगळे धरून चालत.

ताई घरी अभ्यास करायची. भाकरी थापताना पिठावर बोटानं अक्षरं काढायची, पुसायची, पुन्हा काढायची. मला त्याचा राग यायचा. एवढं करून वर्गात तोंड का उघडत नाही ही बया, असं वाटायचं.

एकदा सरांनी सांगितलं, "सहा अक्षरी. बी, के आणि टी." मला बास्केट आठवलं, पण अक्षरं सहा भरतात का ते मी बोटांवर मोजत बसले. तेवढ्यात शेजारून आवाज आला, "बकेट!" ताई उभी राहिली होती. रोज पहाटे नळावर दहा घरांच्या बायांशी भांडून पाणी भरणाऱ्या बाईला तो शब्द सापडणारच. तिनं स्पेलिंग म्हटलं. बरोबर आलं. मला इतका आनंद झाला की मी टाळ्या वाजवल्या.

ती एका टोकापासून निघाली. बाकीच्या पोरींना तिनं बेताचीच दिली. माझ्यासमोर आली, आणि असा हात टाकला की मी भिंतीवर जाऊन आदळले. ओठ फुटला. टाळ्या-बिळ्या विसरून मी तिच्या मनगटाचा चावा घेतला. तिनं माझ्या पाठीत गुद्दे घातले, मी तिचे केस धरले, आणि आम्ही दोघी सतरंजीवर लोळायला लागलो. सर आधी हसत होते. मग कंटाळले असावेत. सभ्यपणा बाजूला ठेवून त्यांनी माझी वेणी धरली आणि मला फरफटत दारापर्यंत ओढलं.

ताईनं फळ्याजवळचं लाकडी डस्टर उचललं आणि सरांच्या भुवईवर हाणलं. एकदा नाही, दोनदा. "सोडा तिला!" ती किंचाळत होती. पांढरा शर्ट गळ्यापासून लाल झाला. मला फार बरं वाटलं. आजही वाटतं.

अण्णा पाळीवरून आले तेव्हा डोक्याला पट्टी बांधून सर आमच्याच बाजेवर आमचाच चहा पीत बसले होते. अण्णांनी पायातली चप्पल काढली. आई मधे पडली, तिलाही बसल्या. ताई हलली नाही. एवढंच म्हणाली, "वर्षभर यांनी आम्हाला एकमेकींकडून मार देववला, ते चालतं व्हय?"

अण्णांचा हात थांबला. त्यांनी सरांकडं पाहिलं. सर कप खाली ठेवून शांतपणे म्हणाले, "मारू नका तिला. पोरीची जात आहे. घरी बसवा."

अण्णांना तेवढंच पाहिजे होतं. "माणसावर हात टाकणारी पोर साळंत नाय धाडायची," ते म्हणाले. ताईनं पाय धरले, दोन दिवस अन्न सोडलं. काही उपयोग झाला नाही.

इंग्रजीच्या पेपराच्या दिवशी ती हळद लावून बसली होती. मुहूर्तच तसा निघाला म्हणे! फुलंब्रीच्या मांडवात सर पहिल्या रांगेत होते. अण्णांनी त्यांना टॉवेल-टोपी दिली आणि नव्या जोडीला त्यांच्या पाया पडायला लावलं. ताई वाकली. सरांनी आशीर्वादाला हात उचलला, तशी ती गालावर थोबाडीत बसणार असल्यासारखी मान चुकवून मागं सरकली. बाया हसल्या, नवरी लाजली म्हणाल्या. मला मात्र तिथं एखादं डस्टर पाहिजे होतं.