मामांचा हात

मी कर्जतच्या कॉलेजात इतिहास शिकवते. एका दुपारी भुईमुगाच्या शेंगा फोडताना सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्यांना, परदेशातल्या एका कम्युनिस्ट राजवटीतल्या मंत्र्याची हकिगत सांगत होते. हुकूमशहाचा उजवा हात. माणसं मारायच्या हुकमांवर बिनदिक्कत सह्या ठोकायचा. एक दिवस त्याच्याच बायकोवर बालंट आलं, तिला पक्षातून हाकलायचा ठराव आला. याने विरोध केला नाही, नुसता हात वर केला नाही. पुढे घाबरून त्याचीही माफी मागितली. बायको गेली सक्तमजुरीच्या छावणीत, हा साहेबाच्या पंगतीला.

"मुडदा बशिवला त्याचा!" आत्या कडाडल्या. "आन् जेवान गेलं त्याला?"

"गेलं की."

पलीकडे मामा, म्हणजे माझे सासरे, पेपरात तोंड खुपसून बसले होते. ते गावच्या दूध सोसायटीचे संचालक. चेअरमन हसले की हे हसणार, चेअरमन खोकले की यांचा घसा धरणार.

पुढच्याच आठवड्यात आत्यांनी दूध घालायच्या भर रांगेत चेअरमनना सुनावलं, "म्हशी दूध देत्यात, पर तुमचं मशीन त्यात पानीच दाखवतंय!" झालं! आत्यांचं दूध घेणं बंद करायचा ठराव निघाला. दोन्ही म्हशी आत्यांच्या स्वतःच्या, सगळा तोरा त्या दुधावर. मामांना घास उतरेना. आत्या म्हणाल्या, "बघतेच आता, आमचं मंत्री काय करत्यात." मला मेलीला हसू आवरेना.

बैठकीच्या दिवशी आम्ही दोघी सोसायटीच्या खिडकीशी उभ्या. ठराव वाचला, भराभर हात वर गेले. मामांनी दोन्ही हात मांडीखाली दाबले होते! चेअरमन डोळे वटारून बघत होते. मामा घामाने भिजले, छताकडे बघत राहिले, पण हात काही निघाला नाही. खरं सांगते, माझे डोळे भरून आले.

ठराव मंजूर झाला.

मामा छाती काढून घरी आले. ओट्यावर बसत म्हणाले, "बघितलं का? न्हाई केला हात वर!"

आत्यांनी दुधाची भरलेली किटली त्यांच्यापुढे आदळली. "लई उपकार झालं! आन् तोंडाला काय झालं हुतं? दूध माझं बंदच झालं न्हवं?"

मामा उठले, चपला न घालताच सोसायटीकडे परत निघाले. वाटेने पुटपुटत होते, "न्हाई... न्हाई...", आवाज फुटतोय का ते बघत.