प्रेसवरची दोरी

"हात जोड आणि मशीनची माफी माग," मालक म्हणाले.

खंडेनवमीचा दिवस. शेडमधली सगळी मशीनं धुऊनपुसून, झेंडूच्या माळा घालून नटवलेली. कामगार, त्यांच्या बायका गोल करून उभ्या. मध्ये मी आणि पत्रा दाबायची प्रेस. याच प्रेसनं सहा महिन्यांपूर्वी माझी तीन बोटं खाल्ली. उजव्या हाताला उरला अंगठा आणि करंगळी. जोडू कसे हात? मागं कुणीतरी फिसकन हसलं.

माफी मागितली की गेटवर वॉचमनची नोकरी मिळणार होती. त्याआधी एका कागदावर सही करायची होती, अपघात माझ्याच निष्काळजीपणामुळं झाला म्हणून. सुपरवायझरनं तो कागद पूजेच्या ताटाशेजारीच ठेवला होता. उडू नये म्हणून वर सुपारी.

खरं काय ते सांगतो. या प्रेसला दोन बटणं. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच डाय, म्हणजे वरचा लोखंडी साचा, खाली येतो, म्हणजे हात आत सापडायचा प्रश्नच नाही. पण तसा माल कमी निघतो. मग उजवं बटण दाबून दोरीनं बांधून टाकायचं. डाव्या हातानं बटण दाबायचं, उजव्यानं पत्रा सरकवायचा. सुपरवायझरनं सांगितलं, मी बांधली. दवाखान्यात मालक आले ते एवढंच बोलून गेले, "दोरी तू बांधलीस."

सहा महिने माझी दातखीळ बसली. बायकोलासुद्धा सांगितलं नाही. वाटायचं, आपली बोटं आपणच तोडली.

माझे अब्बा उंब्रजच्या बाजारात कल्हई करायचे. खंडेनवमीला तेही भाता पुसून त्याला फूल वाहायचे. "अवजार पोटाला घालतंय, त्येचा मान ठिवायचा," म्हणायचे. पण भात्याची माफी त्यांनी कधी मागितली नाही. मीही ठरवलं, फूल वाहायचं आणि बाजूला व्हायचं. फुलाला जागा करायला डाव्या हातानं माळ सरकवली.

खाली बटण बांधलेलं. दोरी नवी, हिरवी. गाठ माझी नव्हती.

माझ्या जागी आता कडेगावच्या सुमनताई काम करत होत्या. शेजारीच उभ्या होत्या. मी विचारलं, ही कुणी बांधली?

"मीच. सायबांनी सांगितलं," त्या खाली बघत म्हणाल्या. "तुमालाबी सांगितलंच असंल की."

सहा महिन्यांची लाज तिथंच उतरली आणि राग आला. असा राग मला आयुष्यात आला नव्हता. मी गाठ सोडायला लागलो. एका हातानं सुटेना. सगळ्यांदेखत वाकून दातांनी सोडली. दोरी खिशात घातली. मालक ओरडले, नोकरीचं विसर.

मी म्हणालो, "माफी तुमी मागायची हाय. माझी न्हाई, ह्यांची. ह्यांची बोटं जाग्यावर हायत तवर मागा."

कागद सुपारीखाली तसाच राहिला.

दसरा झाल्यावर साताऱ्याला कामगार कार्यालयात जाऊन तक्रार दिली. डाव्या हाताची सही, वेडीवाकडी. आता कोर्टात तारखा पडतात. मालकाच्या वकिलानं पहिल्याच तारखेला विचारलं, दोरी कुणी बांधली होती? मी उजवा हात वर केला. सगळ्यांना नीट दिसेल असा.

"मी बांधली," म्हणालो. "आता इचारा, कुणी बांधाय सांगितली."

ते अजून कुणी विचारलेलं नाही. विचारेपर्यंत मी प्रत्येक तारखेला जाणार आहे. दोरी खिशात घेऊन.